रिकाम्या सीटचा निरोप

यार्डाच्या वॉचमनचं म्हणणं असं, की त्या पिवळ्या मशीनमध्ये दुपारचं कुणीतरी येऊन बसतं.

"रात्री म्हणाला असतात तर ऐकून तरी घेतलं असतं," ती म्हणाली. "भुतं दुपारपाळीत कधीपासून लागली?"

"रात्रीचं मला काय ठाऊक, ताई? रात्री मी झोपतो." वॉचमनने हे इतक्या सरळ चेहऱ्याने सांगितलं, की त्याचा पगार देणारे शेठ शेजारीच उभे आहेत याचं त्याला भान नसावं.

शेठनी कपाळाला हात लावला. "बघ मास्तरीणबाई, अशी माणसं सांभाळतो मी. मशीनला बाधाबिधा काही नाही. सकाळी शहाण्यासारखं चालतं. दुपार झाली, की स्क्रीनवर सगळे दिवे पेटतात, संपर्क तुटला म्हणून ओरडतं आणि रुसून बसतं. गिऱ्हाईक सकाळी आलं, चालवून बघितलं, खूश होऊन गेलं. परवा मशीन न्यायला येतंय, तिथून थेट कामावर. तू तेवढं दुखणं काढ आणि ठीक आहे म्हण."

"ठीक असलं तर म्हणेन."

"तुझा बापही अस्साच..." शेठ म्हणाले आणि जीभ चावून गप्प झाले.

 लॅपटॉपची पिशवी खांद्यावर घेऊन ती मशीनकडे चालू लागली.

तिच्या वडिलांना सगळे मास्तर म्हणायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, उलट शाळेनेच त्यांना लवकर निरोप दिला होता. पण तीन-चार हात फिरून आलेली अवजड मशीनं, रोलर, लोडर, क्रेन, एक्स्कॅव्हेटर, विकायच्या आधी अडून बसली की त्यांचं दुखणं शोधायला मास्तरच लागायचे. इंजिनाचा खोकला कुणालाही ऐकू येतो. मास्तर ऐकायचे ते मशीनच्या आतलं बोलणं. लेकीला त्यांनी लहानपणीच समजावलं होतं: "हल्लीच्या मशीनमध्ये प्रत्येक अवयवाला आपला एक छोटा मेंदू असतो. त्याला म्हणायचं कंट्रोलर. हे सगळे कंट्रोलर एकमेकींत पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. एकाच खोलीत बसलेलं मोठं कुटुंब समज. एक बोलताना बाकीच्यांनी ऐकायचं. प्रत्येकाने आपलं नाव सांगून बोलायचं. हे दोन नियम पाळले, की घर चालतं."

"आणि नाही पाळले तर?"

"तर काय, आपल्या घरासारखं होतं," ते म्हणायचे, आणि आतून आईचा आवाज यायचा, "मला ऐकू आलंय हं!"

ते मास्तर गेल्या वर्षी गेले. एका साइटवर दुपारी एक्स्कॅव्हेटर, म्हणजे खोदकामाचं मशीन, तपासत असताना मशीनचा वरचा भाग अचानक गरकन फिरला. मागच्या लोखंडी वजनाच्या आणि उभ्या ट्रकच्या मध्ये ते सापडले. मशीनचा ऑपरेटर त्यांच्या जुन्या ओळखीतला, घरी येणारा-जाणारा, ती त्याला काका म्हणायची. तो शपथेवर सांगत राहिला, की मी लॉकचा दांडा वर केला होता, सीटवरून उतरलो होतो, पाणी प्यायला गेलो होतो. त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. सीट रिकामी असली किंवा लॉकचा दांडा वर असला, तर असं मशीन हलत नाही, तशी सोयच असते त्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी निरीक्षक साहेबांनी स्वतः तपासलं. सीट रिकामी ठेवली, मशीन जागचं हललं नाही. म्हणजे ऑपरेटर सीटवर होता, त्याचा धक्का लागला, आणि घाबरून तो खोटं बोलतोय.

निरीक्षकांनी तिलाही विचारलं होतं. "तुम्ही हेच काम करता. सीट रिकामी असताना मशीन फिरू शकतं का?"

"नाही," ती म्हणाली होती. "माझ्या वडिलांचा हात लागलेलं मशीन तर नाहीच."

त्या एका उत्तरावर ऑपरेटरचा परवाना गेला. आता तो एका गोदामाच्या फाटकाशी खोकी मोजायला बसतो. एकदा तो घरी आला तेव्हा आईने दाराची साखळीसुद्धा काढली नाही. फटीतून पाहिलं आणि दार लावून घेतलं. रस्त्यात तो समोरून दिसला, की लेक रस्ता ओलांडायची.

तेव्हापासून तिने सगळी मशीनं पाहिली होती, फक्त एक्स्कॅव्हेटर सोडून. कधी वेळ नाही म्हणायची, कधी लॅपटॉप बिघडलाय. या वेळी एक्स्कॅव्हेटरसाठी शेठचा फोन आला तेव्हा तिला ऐन वेळी सबब सुचली नाही, इतकंच.

मशीन यार्डाच्या पार टोकाला, भिंतीलगत उभं होतं. नवा पिवळा रंग इतका चकचकीत, की डोळ्यांना टोचावा. आजूबाजूला उघड्या पोटाची, दात काढलेली, चाकं नसलेली मशीनं ओळीने उभी होती. त्यांच्यात ते आजाऱ्यांच्या वॉर्डात नटूनथटून बसलेल्या पाहुण्यासारखं दिसत होतं.

तिने केबिनमध्ये चढून लॅपटॉप जोडला. सगळे कंट्रोलर हजर होते, आपापलं नाव सांगत होते, कुणी कुणाच्या मध्ये बोलत नव्हतं. दोन तारांमधला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजला. साठ यायला हवा, साठच आला. खोट काढायला जागा नव्हती. पण मास्तरांचं एक वाक्य तिच्या हाडीमाशी मुरलं होतं: गरम असताना दुखतं ते गरम असतानाच बघावं, थंड झाल्यावर प्रत्येक मशीन साधू असतं. तिने इंजिन सुरू केलं, लॉकचा दांडा वर केला, लांब वायरीने लॅपटॉप बाहेर आणला आणि दूर एका लोखंडी पिंपावर बसून वाट पाहू लागली.

ऊन चढलं. यार्डात सावली अशी उरली नाही. पत्रे तापून कुठे कुठे टक्क करून वाजत होते, जणू कुणी बोटं मोडत असावं. इंजिनाची एकसुरी घरघर ऐकून तिचे डोळे जड झाले होते, तेवढ्यात केबिनमधून घंटी वाजली.

टिंग. टिंग. टिंग.

ती घंटी तिच्या ओळखीची होती. सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही, की मशीन अशी आठवण करतं. तिने लॅपटॉपकडे पाहिलं. सीटच्या नावाने निरोप येत होता: माणूस बसलेला आहे. तिने मान वर करून काचेतून केबिनमध्ये पाहिलं. सीट रिकामी होती. आणि मशीन त्या रिकाम्या सीटला पुन्हा पुन्हा, सभ्यपणे, पट्टा लावायला सांगत होतं.

"आला बघा," लांबून वॉचमन म्हणाला. या वेळी त्याच्या बोलण्यात थट्टा नव्हती. तो पुढेही आला नाही.

"येणारा पट्टा लावत नाही म्हणजे आपल्याकडलाच कुणीतरी असणार," ती म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच जरा उंच वाटला.

ती केबिनमध्ये चढली. सीटवर तळहात ठेवला. गादी कोमट होती. उन्हाने असेल, ती मनात म्हणाली; उन्हानेच होती. तरी बसताना तिने अंग चोरलं, शेजारच्याला धक्का लागू नये म्हणून माणूस चोरतो तसं, आणि ते लक्षात येताच स्वतःचाच राग येऊन ती नीट टेकून बसली. त्याच क्षणी स्क्रीनवर सगळे दिवे पेटले, संपर्क तुटल्याची पाटी आली आणि इंजिन गचका देऊन बंद पडलं.

आता तिचं काम सुरू झालं. अशा वेळी करायचं काय, ते ठरलेलं असतं. घरात भांडण कोण लावतंय ते कळत नसेल, तर एकेकाला बाहेर पाठवायचं. तिने आधी सीटचाच कंट्रोलर काढला. निरोप थांबायला हवा होता. थांबला नाही. उलट आता तो अधिक स्वच्छ येऊ लागला, मध्ये बोलणारं कुणी उरलं नव्हतं म्हणून. माणूस बसलेला आहे. माणूस बसलेला आहे.

मग तिने इंजिनाचा काढला. पंपाचा काढला. जॉयस्टिकचा, दिव्यांचा, शेवटी स्क्रीनचाही. एकेक आवाज गळत गेला. लॅपटॉपवरच्या ओळी विरळ होत गेल्या. आता घरात कुणीच नव्हतं. तारांवर शुकशुकाट असायला हवा होता.

एक ओळ येतच राहिली.

सगळे गावाला गेले आहेत, दार आपण स्वतः लावून घेतलं आहे, आणि आतल्या खोलीत कुणीतरी घसा साफ करावा, तसं तिला झालं. भर उन्हात तिच्या दंडावर काटा आला. ओळ सारखी येत होती, तीच, त्याच लयीत, न थकता. बसलेला आहे. आहे. आहे.

तिने मीटर लावला. सकाळी साठ दाखवणारा रोध आता चाळीस दाखवत होता. हा आकडा पाहून तिला जरा धीर आला, कारण भुतांना रोध नसतो. तारांवर कुणीतरी जास्तीचं होतं, आणि घरून आपली खुर्ची घेऊन आलेल्या पाहुण्यासारखं स्वतःचा रोधही सोबत घेऊन आलं होतं. गार असताना त्याचा सांधा सुटत असणार, तापला की जुळत असणार. म्हणून सकाळी साधू.

तिने केबिनमधला रबरी गालिचा उचलला, खालचा पत्रा उघडला आणि हाताने वायरींचा जुडगा चाचपत निघाली. जुडग्याला काळी टेप गुंडाळलेली होती. सगळीकडे उजवीकडे वळणारी. मग वीतभर अंतरात ती डावीकडे वळू लागली. आणि टेप जिथे संपत होती, तिथे तिचं टोक उकलू नये म्हणून मेणाचा दोरा दोन गाठी मारून बांधला होता.

तिच्या बोटांना आधी कळलं, तिला नंतर. डावखुऱ्या माणसाने गुंडाळलेली टेप होती ती. आणि टेपवर मेणाचा दोरा बांधणारा माणूस तिने उभ्या आयुष्यात एकच पाहिला होता.

तिने दोरा कापला नाही. नखाने गाठी सोडवल्या. आत काडेपेटीएवढी एक डबी होती.

ती आणि मास्तर त्या डबीला तोतया म्हणायचे. घरच्या टेबलावर मास्तरांनी ती डबी बनवली, तेव्हा ती शेजारी बसून भिंग धरत होती. मशीन समोर नसताना त्याची स्क्रीन तपासायची तर तिला कुणीतरी खोटं सांगावं लागतं, की सीट भरलेली आहे, लॉकचा दांडा खाली आहे, सगळं तयार आहे. ते खोटं ही डबी सांगायची, सीटचं आणि दांड्याचं नाव घेऊन. "हा टेबलावरच बरा," मास्तर म्हणाले होते. "मशीनवर चढवला तर एकाच नावाने दोघे बोलतील, राज्य बुडेल." मास्तर गेल्यावर साइटवरून त्यांची हत्यारांची पिशवी घरी आली, तिच्यात तोतया नव्हता. हरवला असेल, असं तिने धरून चाललं होतं. त्या दिवशी एवढं काय काय हरवलं होतं.

ती बराच वेळ पत्र्यावर गुडघे टेकून बसली. मग खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून गालिच्याखालचा पिवळा रंग कोपऱ्यात खरवडला. आतून नारिंगी निघाला. त्या दिवशी तिने मशीन एकदाच, लांबून पाहिलं होतं; ते नारिंगी होतं.

आता ती दुपार तिच्यासमोर उलगडली, कुणी न सांगता. मास्तर असंच एखादं अधूनमधून येणारं दुखणं शोधत होते. ऑपरेटरला सीटवर ताटकळत ठेवायला त्यांना संकोच वाटला असेल, किंवा त्याची बडबड नको झाली असेल. त्यांनी तोतया तारांना जोडला, वर नीट टेप गुंडाळली, म्हणजे फिरताना कुठे अडकायला नको, आणि म्हणाले, जा तू, पाणी पिऊन ये. ऑपरेटरने दांडा वर केला आणि तो उतरला. मशीनला मात्र वाटत होतं, की माणूस बसला आहे आणि दांडा खाली आहे. मास्तरांनी बाहेर, मशीनच्या मागे उभं राहून जॉयस्टिकच्या वायरीत हात घातला. दोन तारा एकमेकींना लागल्या असतील. मशीनने हुकूम पाळला.

आणि सकाळी, गार मशीनवर, निरीक्षकांनी तपासलं.

आणि ती म्हणाली, नाही.

"सापडलं का गं?" खालून शेठची हाक आली.

"सापडलं."

"मग काढून टाक की. वर काय पोथी वाचतेस का?"

"शेठ, हे मशीन आधी नारिंगी होतं."

शेठ वर चढले. डबी पाहिली, डावीकडे वळलेली टेप पाहिली, खरवडलेला कोपरा पाहिला. यार्डात आयुष्य काढलेला माणूस, त्याला समजावून सांगावं लागलं नाही. ते केबिनच्या पायरीवर बसले.

"तीन हात फिरून आलंय गं हे. आईशपथ, मला माहीत नव्हतं."

"मला ठाऊक आहे."

 मग शेठ तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मी काही पाहिलं नाही. वॉचमनला तर भूतच दिसतंय, ते दिसू दे. दोन वायरी काप, डबी खिशात घाल, घरी जा. मास्तरांचं नाव आहे या धंद्यात. मेलेल्या माणसाला पुन्हा उभं करून कशाला मारायचं? तो ऑपरेटर काय, जगतोय ना कसातरी."

"जगतोय, शेठ. तेच तर आहे."

पण पक्कड तिच्या हातात होती, आणि हात तारांपाशी होता. दोन वेळा दाबायचं फक्त. मास्तर मास्तरच राहिले असते. तिचं उत्तरही खरंच राहिलं असतं. खाली लॅपटॉपवर ती ओळ अजून येत होती, आहे, आहे, आणि तिला एक वेडगळ विचार आला, की गेलं वर्षभर हा आवाज रंग बदलत, हात बदलत, दुपारी दुपारी हेच सांगत फिरत होता आणि ऐकणारं त्याला कुणी भेटलं नव्हतं. ही ओळ बंद केली, की जगात आहे म्हणणारं मग काहीच उरणार नाही.

तिने पक्कड खिशात ठेवली. टेप होती तशी गुंडाळली, डावीकडेच. मग एकेक कंट्रोलर परत जोडला.

"हे काय करतेस?" शेठ म्हणाले.

"हे जागेवरच दाखवायला हवं. आणि गरम असताना. गिऱ्हाइकाला सांगा, मशीन ठीक नाही."

शेठनी खिशातून फोन काढला. "बापावर गेलीस," ते म्हणाले. या वेळी जीभ चावली नाही.

आई कपड्यांना इस्त्री करत होती. लेकीने दारातच चपला काढता काढता सगळं सांगितलं, कारण आत येऊन, पाणी पिऊन सांगायचं ठरवलं असतं तर तिने सांगितलं नसतं. आईने इस्त्री बंद करून ठेवली. कापड विस्कटलं नव्हतं तरी हाताने सारखं करत राहिली.

"नक्की त्यांचीच?"

"त्यांचीच, आई. मेणाचा दोरा."

"तरी मी म्हणायचे, तो दोरा घरात नको, सगळीकडे चिकटतो." आई एवढं बोलून थांबली. मग हळू म्हणाली, "मी त्या माणसावर रागावून दिवस काढले गं. सकाळी उठायचं तर काहीतरी लागतं. आता कुणावर रागावू? यांच्यावर?"

"रागाव की."

"यांच्यावर रागावले, की समोर उभे राहून हसायचे. तेव्हा राग यायचा." तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली. ती गार झाली होती, तरी फिरवत राहिली. "त्याच्या बायकोला मी दारातून परत पाठवलं होतं, तुला सांगितलं नव्हतं. तू त्याला सांगशील तेव्हा हेही सांग. नाही, नको. ते मी सांगेन."

सकाळी ती गोदामाच्या फाटकाशी गेली. ऑपरेटर स्टुलावर बसून आत जाणारी खोकी मोजत होता. त्याने तिला पाहिलं, पण मोजणं थांबवलं नाही. ट्रक रिकामा झाल्यावरच मान वर केली.

"काय, आणखी कुठे सही हवीय का माझी?"

"नाही. तुम्ही खरं बोलत होतात."

"ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुला आज कळलं का?"

तिने ऐकून घेतलं. मग डबीचं सांगितलं. त्याने मध्येच हात वर करून तिला थांबवलं, तोंड फिरवलं आणि गोदामाच्या भिंतीकडे बघत राहिला. तसाच म्हणाला, "पाणी पिऊन ये म्हणाला मला. मी म्हटलं, मास्तर, तहान नाही. तर म्हणे, मग माझ्या वाटचं पिऊन ये. वर्षभर मी तेच मोजतोय, की मी गेलोच नसतो तर." आणि मग उठला, स्टूल भिंतीशी लावलं. "कुठे यायचं?"

दुपार व्हायच्या आत यार्डात निरीक्षक साहेब होते, शेठ होते, ऑपरेटर होता, आणि सुरक्षित अंतरावर वॉचमन. तिने जॉयस्टिकला लांब दोरी बांधली. लॉकचा दांडा वर केला, इंजिन सुरू केलं, खाली उतरली आणि सगळ्यांना जमिनीवर आखलेल्या रेषेच्या मागे उभं केलं. दोरी ओढली. मशीन हललं नाही.

"हे तर व्यवस्थित आहे," निरीक्षक म्हणाले. "गेल्या वर्षीही मी हेच पाहिलं."

"गेल्या वर्षीही तुम्ही गारच पाहिलंत. थांबा."

थांबले. शेठनी निरीक्षकांना खुर्ची आणली, ते बसले नाहीत. ऊन डोक्यावर आलं. पत्रे वाजू लागले. ऑपरेटर डोळे बारीक करून केबिनच्या काचेकडे बघत होता आणि एकदाही त्याने पापणी हलवल्याचं तिला दिसलं नाही. मग घंटी वाजू लागली. रिकाम्या सीटला पट्टा लावायला सांगणारी ती सभ्य घंटी ऐकून निरीक्षकांचा हात नकळत आपल्याच कमरेकडे गेला.

तिने दोरी ओढली. रिकाम्या केबिनसह, दांडा वर असताना, मशीनचा सगळा वरचा भाग हातभर फिरला आणि थांबला. मागचं लोखंडी वजन हवेत सरकलं, जिथे कुणी उभं नव्हतं. आवाज असा काही झाला नाही. 

तिने इंजिन बंद केलं, पत्रा उघडून निरीक्षकांना डबी दाखवली.

"कुणी बसवली ही?"

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. लांब उभ्या असलेल्या वॉचमनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "त्यांचीच बनवलेली आहे. ऑपरेटर खाली उतरले होते. दांडा वर होता. मी तेव्हा नाही म्हणाले ते चूक होतं."

निरीक्षकांनी फोटो काढले, दोन-तीन प्रश्न विचारले. मग म्हणाले, डबी काढून पुन्हा तपासून दाखवा. ती नसताना मशीन नीट वागतं हेही दिसायला हवं. तिने पक्कड काढली. तारा कापल्या. लॅपटॉपवरची ओळ थांबली. एवढंच झालं. पत्र्यावर टक्क असा एक आवाज आला, तो तर येतच होता.

"आता कुणीतरी बसून, उठून दाखवावं लागेल," निरीक्षक म्हणाले. आणि ऑपरेटरकडे वळले. "बसता का?"

ऑपरेटर मशीनपाशी आला. वर्षभराने त्याने चढायच्या दांडीला हात घातला, एक पाय पायरीवर ठेवला, आणि तसाच राहिला. त्याचा चेहरा केबिनच्या दाराच्या उंचीला आला होता. तो आत सीटकडे बघत होता. वर चढेना आणि खाली उतरेना.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

त्याने शेठकडे पाहिलं नाही. आत उभ्या असलेल्या तिच्याकडे पाहिलं, आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "आधी बघ, रिकामी आहे का."

त्यात वेड्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नाही. ती वाकली. गादीवर हात ठेवला, आधी कडेला, मग मधोमध, आणि थोडा वेळ ठेवून राहिली. गादी कोमट होती. उन्हाने.

"रिकामी आहे, काका," ती म्हणाली. "बसा."